प्रवक्त्याचे शिक्षण आणि संस्थेचे ज्ञान : थ्री माइल आयलंड दुर्घटनेच्या आधारे एक विवेचन

१

आधुनिक काळातील मोठ्या संस्थांचा, मग त्या सरकारी असोत वा खाजगी, जनतेशी येणारा संबंध बहुतांशी वृत्तपत्रे, नभोवाणी व दूरचित्रवाणी यांच्या द्वारे येतो. संस्थेच्या वतीने या माध्यमांशी बोलणाऱ्या अधिकाऱ्यास प्रवक्ता ही संज्ञा रूढ झाली आहे, आणि त्याला या कामाची रीतसर तालीम मिळाली पाहिजे हे मत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुष्कळच मान्यता पावले. परंतु या तालमीचे मोल नेमके कशात आहे, याविषयी मात्र एकवाक्यता नाही. एका पक्षाच्या मते ती वाक्कौशल्याची तालीम होय. अडचणीचा प्रश्न कसा झेलावा, चेहरा कसा ठेवावा, आपला मुद्दा पुन्हा पुन्हा कसा मांडावा, हे तिचे विषय. दुसऱ्या पक्षाच्या मते ती मुख्यतः संस्थेच्या अंतर्गत व्यवस्थेची तालीम होय. प्रवक्त्याला काय ठाऊक असावे, ते त्याला कोणी व किती वेळात सांगावे, आणि एकाच वेळी किती जणांनी बोलावे, हे प्रश्न या पक्षाला अधिक महत्त्वाचे वाटतात.

या वादाचा निर्णय केवळ तर्काने करण्यापेक्षा एखाद्या घडलेल्या प्रसंगाच्या परीक्षणाने करणे अधिक श्रेयस्कर होय. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात १९७९ च्या मार्चअखेरीस घडलेली थ्री माइल आयलंड येथील अणुभट्टीची दुर्घटना या दृष्टीने विशेष उपयुक्त आहे. कोणत्या तासाला कोण काय बोलले, व बोलणाऱ्यास त्या वेळी काय ठाऊक होते, याची नोंद राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या चौकशी आयोगाने करून ठेवली असल्याने प्रवक्त्याच्या वाणीची व संस्थेच्या ज्ञानाची तुलना येथे करता येते. अशी सोय इतिहासाच्या अभ्यासकाला क्वचितच लाभते.

मराठ्यांच्या इतिहासाच्या वाचकाला या प्रश्नाचे स्वरूप सर्वस्वी अपरिचित वाटणार नाही. पेशव्यांच्या वतीने दिल्लीस राहणाऱ्या हिंगणे घराण्यातील वकिलांचे काम दुहेरी होते. धन्याचे म्हणणे दरबारात मांडावयाचे, आणि दरबारातील बातमी धन्यास लिहावयाची. ज्याला धन्याचा मनोदय ठाऊक नाही, अशा वकिलाचे वक्तृत्व कितीही चांगले असले तरी ते फार दूरवर जाणे शक्य नव्हते. आजच्या प्रवक्त्याची स्थिती दोन बाबतींत वेगळी आहे. त्याचा श्रोता दरबार नसून सर्वसाधारण जनता आहे, आणि पत्र पोहोचण्यास लागणाऱ्या दिवसांची सवड त्याला मिळत नाही. त्याच्या शब्दावर विसंबून एखादे कुटुंब घर सोडावयाचे की नाही, हे त्याच दिवशी ठरविते.

२

संस्थेने वृत्तपत्रांशी बोलण्यास शिकले पाहिजे, ही जाणीव अमेरिकेत प्रथम कोळशाच्या खाणींच्या निमित्ताने स्पष्ट झालेली दिसते. १९०२ च्या अँथ्रासाइट कोळशाच्या संपात कामगार संघटनेचे अध्यक्ष जॉन मिचेल हे वार्ताहरांना सहज भेटत असत. उलट, मालकांच्या बाजूचे पुढारी जॉर्ज बेअर यांचा वृत्तपत्रांविषयीचा भाव तुच्छतेचा होता. ईश्वरानेच ज्यांच्या हाती मालमत्ता सोपविली आहे ते धर्मनिष्ठ मालक कामगारांचे हित पाहतील, अशा आशयाचे त्यांचे एक पत्र त्या वर्षी प्रसिद्ध झाले व लोकमत मालकांच्या विरुद्ध अधिकच गेले. अखेर राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांना मध्यस्थी करावी लागली.

चार वर्षांनी, १९०६ मध्ये, खाणमालकांनी आयव्ही ली या पूर्वाश्रमीच्या वार्ताहरास नेमले. ली यांनी वृत्तपत्रांच्या संपादकांकडे एक जाहीरनामा पाठविला. आपले कार्यालय गुप्तपणे काम करीत नाही, जाहिरातीचा धंदाही करीत नाही, आणि जनतेच्या हिताच्या विषयांवर तातडीने व अचूक माहिती पुरविणे हे आपले काम आहे, असा त्याचा मथितार्थ होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अटलांटिक सिटीजवळ पुलावरून आगगाडी पाण्यात कोसळून पन्नासाहून अधिक माणसे दगावली. त्या वेळी रेल्वे कंपनीच्या वतीने ली यांनी माहितीचे पत्रक काढले, आणि आधुनिक प्रसिद्धिपत्रकाचा उगम बहुधा याच पत्रकापाशी दाखविला जातो.

येथवरची हकीकत वाचून ली यांच्या पद्धतीचे गुणगान करावेसे वाटेल. पण १९१४ साली कोलोरॅडोतील लडलो येथे घडलेल्या प्रसंगाने त्या पद्धतीतील उणीव उघड केली. तेथे २० एप्रिल रोजी संपकरी खाणकामगारांच्या तंबूंच्या वस्तीवर सशस्त्र हल्ला होऊन आग लागली. एका खड्ड्यात आश्रय घेतलेल्या दोन स्त्रिया व अकरा मुले गुदमरून मेली. यानंतर रॉकफेलर घराण्याने ली यांचे साहाय्य घेतले. त्यांनी काढलेल्या पत्रकांची मांडणी सुबक होती, भाषा संयत होती, आणि ती देशभरच्या वजनदार व्यक्तींकडे पद्धतशीरपणे धाडली गेली. परंतु त्यांतील काही मजकूर साफ चुकीचा होता. कामगार पुढाऱ्यास वर्षभरात मिळालेली रक्कम नऊ आठवड्यांची म्हणून दाखविली गेली होती. औद्योगिक संबंधांविषयीच्या सरकारी आयोगापुढे साक्ष देताना, खाणचालकांनी पुरविलेली माहितीच आपण पुढे दिली व तिची स्वतंत्र शहानिशा केली नाही, असे ली यांना कबूल करावे लागले. अप्टन सिंक्लेअर यांनी त्यांना दिलेले 'पॉयझन आयव्ही' हे नाव त्यांना पुढे आयुष्यभर चिकटून राहिले.

ली हे आपल्या काळातील या कलेचे सर्वांत कुशल जाणकार होते. कौशल्याच्या अभावी ते चुकले असे म्हणता येणार नाही. संस्थेने जे सांगितले तेच सत्य मानून त्यांनी ते उत्तम रीतीने मांडले; आणि मांडणी जितकी उत्तम, तितका असत्याचा प्रसार व्यापक झाला. वाक्कौशल्याचा पक्ष घेणाऱ्यांनी या घटनेचा विचार करणे अगत्याचे आहे.

३

सस्क्वेहॅना नदीच्या पात्रातील थ्री माइल आयलंड या बेटावर, मिडलटाऊन गावाजवळ व राज्याची राजधानी हॅरिसबर्गपासून थोड्याच मैलांवर, मेट्रोपॉलिटन एडिसन कंपनीच्या दोन अणुभट्ट्या होत्या. पैकी दुसरी भट्टी १९७८ च्या डिसेंबरअखेर व्यापारी उत्पादन करू लागली होती. बुधवार, २८ मार्च १९७९ रोजी पहाटे चारच्या सुमारास तिच्या पाणीपुरवठ्यात बिघाड झाला व भट्टी आपोआप बंद पडली. दाब कमी करणारी एक झडप मात्र उघडली ती पुन्हा मिटलीच नाही. झडप मिटली आहे असा नियंत्रण कक्षातील लोकांचा समज झाला. भट्टीत पाणी अधिक झाले आहे असे वाटून त्यांनी आणीबाणीच्या पाण्याचा प्रवाह कमी केला. परिणामी इंधन उघडे पडले व तापून वितळू लागले. सकाळी सातच्या सुमारास प्रकल्पापुरती, आणि त्यानंतर अर्ध्या तासाच्या आत सार्वत्रिक आणीबाणी जाहीर करण्यात आली.

ही बातमी जनतेस कशी कळली, हे पाहणे उद्बोधक आहे. हॅरिसबर्गच्या डब्ल्यूकेबीओ या नभोवाणी केंद्राच्या रहदारीची खबर देणाऱ्या वार्ताहराला बिनतारी संदेश ऐकताना मिडलटाऊनकडे पोलीस व अग्निशामक दल यांची हालचाल असल्याचे समजले. केंद्राच्या वृत्तसंपादकाने प्रकल्पास दूरध्वनी केला, तो चुकून थेट नियंत्रण कक्षात जोडला गेला. तेथील माणसाने, आपल्याला बोलण्यास सवड नाही, येथे अडचण आहे, इतकेच सांगून त्यास रेडिंग येथील कंपनीच्या मुख्य कार्यालयाशी बोलण्यास सुचविले. रेडिंग येथील जनसंपर्क अधिकाऱ्याने सार्वत्रिक आणीबाणी ही नियमानुसार करावयाची एक कागदोपत्री बाब असल्याचे सांगितले, व जनतेस कोणताही धोका नाही अशी ग्वाही दिली. ८ वाजून २५ मिनिटांनी केंद्राने ती बातमी प्रसारित केली.

या प्रसंगात ज्याला अडचण ठाऊक होती त्याला बोलण्यास सवड नव्हती, आणि ज्याला बोलण्याची सवड व अधिकार होता त्याला अडचण ठाऊक नव्हती. रेडिंगचा अधिकारी जाणूनबुजून खोटे बोलला असे मानण्याचे कारण नाही. जे त्याच्यापर्यंत पोहोचले ते त्याने आपल्या धंद्याच्या सवयीप्रमाणे धीर देणाऱ्या शब्दांत सांगितले. अशा अधिकाऱ्याला कॅमेऱ्यापुढे बसण्याचे कितीही शिक्षण दिले असते, तरी त्या सकाळच्या निवेदनात फरक पडला नसता.

पुढील काही तासांत हा दोष राज्य सरकारपर्यंत जाऊन पोहोचला. सकाळी अकराच्या सुमारास उपराज्यपाल विल्यम स्क्रँटन यांनी पत्रपरिषद घेऊन, सर्व काही आटोक्यात आहे, असे कंपनीच्या भरवशावर सांगितले. त्याच वेळी किरणोत्सर्ग बाहेर पडल्याच्या वार्ता येऊ लागल्या. दुपारी कंपनीचे उपाध्यक्ष जॅक हर्बाइन स्क्रँटन यांस भेटले. प्रकल्पातून काही वेळ वाफ सोडण्यात आली होती ही गोष्ट त्यांनी आधी वार्ताहरांना सांगितली नव्हती. तो विषय निघाला नाही, असे त्यांचे स्पष्टीकरण होते. साडेचारच्या सुमारास स्क्रँटन पुन्हा वार्ताहरांपुढे आले, आणि परिस्थिती कंपनीने भासविली त्याहून अधिक गुंतागुंतीची असून कंपनीने परस्परविरोधी माहिती दिली आहे, असे त्यांनी उघडपणे सांगितले. पहिल्या दिवसाचा सूर्य मावळण्यापूर्वीच कंपनीच्या शब्दाची पत संपली होती.

याच दुपारी दोनच्या सुमारास भट्टीभोवतीच्या इमारतीत हायड्रोजन वायूचा भडका होऊन दाब एकदम वाढला. दाबमापकाच्या कागदावर त्याची नोंद झाली, धप्प असा आवाजही काहींनी ऐकला. परंतु त्याचा अर्थ त्या वेळी योग्य ठिकाणी पोहोचला नाही व त्याचे गांभीर्य नंतर ध्यानात आले. जी गोष्ट संस्थेलाच उमगलेली नाही, ती प्रवक्ता सांगणार कशी?

४

शुक्रवार, ३० मार्च हा या प्रकरणातील सर्वांत गोंधळाचा दिवस होय. सकाळी आठच्या सुमारास हेलिकॉप्टरमधून प्रकल्पाच्या धुराड्यावर घेतलेल्या मापनात ताशी १,२०० मिलिरेम इतका किरणोत्सर्ग आढळला. वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा येथे असलेल्या अणुनियमन आयोगाच्या अधिकाऱ्यांनी याच सुमारास स्वतंत्रपणे जमिनीवरील किरणोत्सर्गाचा अंदाज बांधला होता, व योगायोगाने तो आकडाही १,२०० च निघाला. आकडा कोठला, धुराड्याच्या तोंडाशी की लोकवस्तीत, याची खातरजमा न होता लोकांना हलविण्याची शिफारस राज्याला करण्यात आली. पुढे ती मागे घेण्यात आली. तथापि दुपारी राज्यपाल रिचर्ड थॉर्नबर्ग यांनी पाच मैलांच्या आतील गरोदर स्त्रिया व शाळेत न जाणारी लहान मुले यांनी दूर जावे, असा सल्ला दिला. पुढील काही दिवसांत सुमारे १,४०,००० माणसे परिसर सोडून गेली. सल्ला ज्यांना उद्देशून होता, त्यांच्या संख्येच्या कितीतरी पट हा आकडा होता.

त्याच सकाळी हर्बाइन यांनी घेतलेल्या पत्रपरिषदेत वार्ताहरांच्या व त्यांच्या आकड्यांचा मेळ बसेना. प्रश्नांचा भडिमार झाला तेव्हा, कंपनी जे काही करते ती प्रत्येक बारीकसारीक गोष्ट तुम्हांला का सांगावी हेच आपल्याला कळत नाही, अशा अर्थाचे उत्तर त्यांनी दिले. हर्बाइन हे कसलेले अभियंते होते. दोन दिवस ते अतिशय ताणाखाली काम करीत होते. येथे मात्र शिक्षणाचा अभाव स्पष्ट दिसतो हे मान्य केले पाहिजे. वार्ताहर हा कामात अडथळा आणणारा उपरा मनुष्य आहे, असे समजून बोलणारा अधिकारी आपल्यामागे जनता उभी आहे हे विसरतो. वाक्कौशल्याचा पक्ष पूर्णपणे निराधार नाही, तो एवढ्यापुरता.

दुपारी राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या इच्छेनुसार अणुनियमन आयोगातील अधिकारी हॅरोल्ड डेंटन हे तज्ज्ञांचे पथक घेऊन प्रकल्पावर दाखल झाले. त्यांच्या दिमतीला राष्ट्राध्यक्षांच्या निवासाशी व राज्यपालांशी जोडलेली थेट दूरध्वनीची सोय करण्यात आली. शनिवारपासून कंपनीने वार्ताहरांना निवेदने देणे थांबविले, आणि भट्टीच्या स्थितीविषयी डेंटन यांनीच बोलावे अशी व्यवस्था झाली.

एकच तोंड ठेवणे किती कठीण असते, याचा प्रत्यय मात्र त्याच सायंकाळी आला. भट्टीत साचलेल्या हायड्रोजनच्या बुडबुड्याचा थोड्याच दिवसांत स्फोट होऊ शकेल, असे बेथेस्डा येथील सूत्राच्या हवाल्याने असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दिले. हॅरिसबर्गमध्ये घबराट पसरली. रात्री उशिरा राज्यपाल व डेंटन यांनी एकत्र वार्ताहरांपुढे येऊन, असा नजीकचा धोका नाही, असे सांगितले. रविवारी, १ एप्रिल रोजी, कार्टर स्वतः पत्नीसह प्रकल्पाला भेट देऊन गेले. बुडबुड्यात प्राणवायू साचत असल्याचा आयोगातील काही तज्ज्ञांचा हिशेब मुळातच चुकीचा असल्याचे त्याच दिवशी स्पष्ट झाले, आणि सोमवारपासून तणाव ओसरू लागला.

५

डेंटन यांचे यश हा या विषयातील खरा कूटप्रश्न आहे. ते व्यवसायाने अभियंते होते. वृत्तपत्रांशी बोलणे हा त्यांचा धंदा नव्हता. प्रसिद्धीचे काम करणारे अधिकारी जेथे अपयशी ठरले तेथे या मनुष्याच्या शब्दावर लोकांचा विश्वास बसला. यावरून प्रवक्त्याच्या शिक्षणास काहीच मोल नाही, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो वरकरणी सयुक्तिक दिसेल. पण त्यांच्या यशाची कारणे पृथक् करून पाहिली असता निराळेच चित्र दिसते.

पहिले कारण असे की, जेथे ज्ञान उत्पन्न होत होते त्याच ठिकाणी ते उभे होते. त्यांना माहिती विचारावी लागत नव्हती. माहिती गोळा करणारे पथकच त्यांच्या हाताखाली होते. दुसरे, त्यांच्याखेरीज अन्य कोणी त्या विषयावर बोलत नसे, निदान तसा प्रयत्न होता. तिसरे, ते साध्या शब्दांत बोलत. जमलेल्या शेकडो वार्ताहरांपैकी बहुतेकांना रेम, रॅड, रंटजेन या परिमाणांतील भेद ठाऊक नव्हता. आकडा अमुक म्हणजे अधिक की कमी, हे सांगणे भाग होते. चौथे, जे ठाऊक नव्हते ते ठाऊक नसल्याचे सांगण्यास त्यांनी संकोच केला नाही. पाचवे, त्यांना विद्युतनिर्मितीच्या धंद्यातील नफातोट्याशी कर्तव्य नव्हते, हे श्रोत्यांना दिसत होते. यांपैकी पाचवे कारण कोणत्याही शिक्षणाने निर्माण करता येणार नाही. पहिली दोन संस्थेच्या रचनेची आहेत. तिसरे व चौथे मात्र शिकविता येण्याजोगे आहे.

या ठिकाणी एक आक्षेप विचारात घेणे प्राप्त आहे. शुक्रवारी सकाळी लोकांना हलविण्याची शिफारस बेथेस्डाहून ज्यांनी केली, त्या मंडळींत डेंटन स्वतः होते. शिवाय भट्टीच्या अंतर्भागाचे किती नुकसान झाले आहे, हे त्यांनाही त्या दिवसांत कळले नव्हते. १९८२ च्या जुलैमध्ये कॅमेरा आत सोडण्यात आला, तेव्हा वरच्या भागी पोकळी व खाली मोडतोडीचा ढिगारा दिसला. सुमारे निम्मे इंधन वितळले होते, हे त्यानंतरच्या तपासात निष्पन्न झाले. अर्थात् ज्या प्रवक्त्यावर लोकांनी विश्वास ठेवला त्याचे ज्ञानही अपुरेच होते. मग कंपनीचे अज्ञान व त्यांचे अज्ञान यांत भेद तो कोणता? भेद असा की, कंपनीने अज्ञानाच्या जागी ग्वाही दिली. डेंटन यांनी अज्ञानाची मर्यादा सांगून तिच्या अलीकडे जे निश्चित होते तेवढे दिले. पहिल्या प्रकारचे विधान पुढल्या बातमीने खोटे ठरते, दुसऱ्या प्रकारचे विधान तिने केवळ पूर्ण होते.

६

डार्टमथ महाविद्यालयाचे अध्यक्ष व गणितज्ञ जॉन केमेनी यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी आयोगाने १९७९ च्या ऑक्टोबरअखेर अहवाल दिला. जनतेच्या माहितीच्या अधिकाराचा त्याने स्वतंत्र अभ्यास करविला होता. दुर्घटनेच्या वेळी माहिती कशी द्यावी याची निश्चित योजना कंपनीपाशीही नव्हती आणि अणुनियमन आयोगापाशीही नव्हती, हा त्यातील मुख्य निष्कर्ष. वृत्तपत्रांनी बातम्या भडक केल्या, हा सर्रास होणारा आरोप मात्र आयोगाला टिकण्याजोगा वाटला नाही. तपासलेल्या बातम्यांत भय वाढविणाऱ्या विधानांपेक्षा धीर देणारी विधानेच संख्येने अधिक होती. त्याच वेळी बहुतेक वार्ताहरांपाशी विषयाचे ज्ञान नव्हते हेही आयोगाने नोंदविले, व मोठ्या वृत्तसंस्थांनी जाणकार माणसे बाळगावीत असे सुचविले. शिक्षणाची गरज बोलणाऱ्याइतकीच विचारणाऱ्यालाही आहे, हा या शिफारशीचा अर्थ होय.

आयोगाचा आणखी एक निष्कर्ष येथे लक्षणीय आहे. बाहेर पडलेला किरणोत्सर्ग इतका अल्प होता की, प्रकृतीवरील मुख्य दुष्परिणाम म्हणून मानसिक ताणाचाच निर्देश करावा लागला. दुसऱ्या शब्दांत सांगावयाचे तर, त्या परिसरातील लोकांना झालेल्या इजेचा मोठा भाग भट्टीइतकाच परस्परविरोधी निवेदनांतून उद्भवला. माहितीची अव्यवस्था ही दुर्घटनेच्या कडेची गोष्ट नसून तिचाच एक भाग होती, हे यावरून सिद्ध होते.

या अनुभवातून १९८० साली अमेरिकेत अणुप्रकल्पांच्या आणीबाणीच्या योजनांसाठी निकष ठरविण्यात आले. त्यांतील माहितीविषयक कलमे प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने फार बोलकी आहेत. वार्ताहरांशी संपर्काची जागा आधीच ठरलेली असावी; निरनिराळ्या संस्थांच्या प्रवक्त्यांनी आपसांत माहितीची देवाणघेवाण वेळच्या वेळी करावी; वार्ताहरांना योजनांची व किरणोत्सर्गविषयक माहितीची ओळख दर वर्षी करून द्यावी; आणि प्रत्येक प्रमुख संस्थेने एक प्रवक्ता नेमावा, ज्याला सर्व आवश्यक माहिती मिळण्याची मुभा असेल. शेवटच्या कलमात प्रवक्त्याच्या वक्तृत्वाविषयी एक अक्षरही नाही. त्याची पात्रता त्याला मिळणाऱ्या माहितीवरून ठरविली आहे. रेडिंगच्या कार्यालयातील त्या सकाळचे हे थेट उत्तर होय.

७

हा धडा अणुभट्ट्यांच्या क्षेत्राबाहेर वेळेवर पोहोचला नाही, याची सर्वांत दारुण साक्ष भारतात मिळते. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री भोपाळ येथील युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडच्या कारखान्यातून सुमारे ४० टन मिथिल आयसोसायनेट बाहेर पडले. पहिल्या काही दिवसांतच हजारो माणसे मृत्युमुखी पडली. आसपासच्या वस्त्यांतील लोकांना कारखान्यात कोणते विष आहे हे माहीत नव्हते. तोंडावर ओले फडके धरावे, वाऱ्याच्या दिशेने पळू नये, एवढी साधी सूचनाही त्यांना कधी मिळालेली नव्हती. रात्री धावून आलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाही विषाच्या स्वरूपाविषयी नेमकी माहिती मिळू शकली नाही.

येथे माध्यमे मुकी होती असेही नाही. राजकुमार केसवानी या भोपाळच्याच पत्रकाराने १९८२ पासून या कारखान्यातील धोक्यांविषयी लिहिले होते, व १९८४ च्या जूनमध्ये 'जनसत्ता'तून पुन्हा इशारा दिला होता. संस्थेने वृत्तपत्रांकडे केवळ आपले म्हणणे छापून आणण्याचे साधन म्हणून पाहिले, तर वृत्तपत्रे तिला जे सांगत असतात ते तिच्या कानी पडत नाही. जुन्या वकिलाच्या कामाचे दुसरे अंग, म्हणजे बाहेरची बातमी आत पोहोचविणे, आधुनिक प्रवक्त्याच्या शिक्षणातून बहुधा गळून गेलेले दिसते. भोपाळात त्याची किंमत ज्यांनी मोजली ते लोक संस्थेचे नोकर नव्हते, भागीदारही नव्हते.

या अनर्थानंतर १९८७ साली कारखान्यांच्या कायद्यात दुरुस्ती होऊन, धोकादायक कारखान्याच्या चालकाने धोक्यांची व त्यांवरील उपायांची माहिती कामगारांना, शासकीय अधिकाऱ्यांना व परिसरातील जनतेला आधीच दिली पाहिजे, असे बंधन घालण्यात आले. प्रवक्त्याचे काम दुर्घटनेनंतर सुरू होत नाही, ते तिच्या कितीतरी आधी सुरू झालेले असावे लागते, हे तत्त्व या दुरुस्तीत अनुस्यूत आहे.

८

वरील विवेचनातून निघणारे निष्कर्ष थोडक्यात असे मांडता येतील. प्रवक्त्याच्या शिक्षणास मोल आहे; परंतु ते स्वयंभू नाही. लडलोच्या प्रसंगी कौशल्य होते आणि सत्य नव्हते. तेथे कौशल्याने हानी वाढविली. थ्री माइल आयलंड येथे पहिल्या दिवशी बोलणाऱ्यापाशी ज्ञान नव्हते, तिसऱ्या दिवशी ज्ञान असलेल्यापाशी श्रोत्यांविषयी आदर नव्हता, आणि त्यानंतर ज्ञान, आदर व एकमुखी अधिकार हे तिन्ही एका माणसात एकत्र आले तेव्हाच लोक ऐकू लागले. भोपाळात मात्र बोलण्याची वेळ दुर्घटनेपूर्वीच टळून गेली होती.

आज या विषयाचे शिक्षण देणारा एक व्यवसायच उभा राहिला आहे. त्यात प्रश्न टाळून आपल्या मुद्द्याकडे वळण्याच्या युक्त्या शिकविल्या जातात हे सर्वज्ञात आहे. निवडणुकीतील सभेत किंवा मालाच्या जाहिरातीत अशा युक्त्यांनी फारसे बिघडत नसेल. पण ज्या संस्थेच्या कामाशी परक्या माणसांचा जीव निगडित आहे, तिच्या प्रवक्त्याने शिकण्याच्या गोष्टी निराळ्या होत. आपल्या संस्थेतील माहिती कोठे उत्पन्न होते व आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने येते, हे त्याने आणीबाणीपूर्वी पायाखाली घातलेले असावे. परिमाणे व संज्ञा यांचा साध्या भाषेत उलगडा करण्याचा सराव त्याला असावा. ठाऊक नाही असे म्हणण्याची परवानगी त्याच्या वरिष्ठांनी त्याला आधीच दिलेली असावी. शेवटची गोष्ट प्रवक्त्याने शिकण्यापेक्षा संस्थेच्या चालकांनी शिकण्याची आहे. प्रशिक्षणाच्या वर्गात सहसा प्रवक्त्यालाच बसविले जाते. १९७९ च्या त्या पाच दिवसांचा इतिहास पाहता, त्याच्या शेजारी व्यवस्थापक व अभियंता यांनाही बसविणे आवश्यक ठरते.